न विसावणारे तीन मणी

एका राज्यात, जेथे पक्षी बोलत आणि माणसे हातातली कामे थांबवून त्यांचे ऐकत, दृढवर्मा नावाचा राजा होता. त्याच्या राणीचे नाव मृणालवती. राजा मनाने वाईट नव्हता. पण आवडलेली वस्तू नुसती पाहून त्याचे भागत नसे. ती हातात यावी लागे, आणि हातात आली की घरी यावी लागे.

एकदा शिकारीच्या नादात तो राज्याच्या सीमेपलीकडे गेला. तेथे एका मायाविनीची बाग होती. बागेत पायऱ्यांचे कुंड होते, कुंडात तीन कारंजी होती, आणि कारंज्यांच्या तुऱ्यांवर लिंबाएवढे तीन मणी नाचत होते. एक पहाटेच्या रंगाचा, एक भर दुपारच्या, एक तिन्हीसांजेच्या. या तुऱ्यावरून त्या तुऱ्यावर ते उडत. पडत नसत आणि थांबतही नसत. राजा घोड्यावरून उतरला, कुंडात शिरला आणि त्याने तिन्ही मणी उचलून शेल्यात बांधले.

मायाविनी पायरीवर केस विंचरत बसली होती. ती म्हणाली, "राजा, ते विसावत नाहीत."

"माझ्याकडे विसावतील," राजा म्हणाला.

"मग तू जिथे त्यांना विसावा देशील तिथे सगळेच विसावेल," असे बोलून ती पुन्हा केस विंचरू लागली.

वाटेत काही झाले नाही. राजा नगरात आला, सिंहासनावर बसला, मणी ओंजळीत घेऊन म्हणाला, "हे माझे." आणि त्याची ओंजळ दगडाची झाली.

मग मनगटे दगडाची झाली, मग कोपर. दगड चढत गेला, तसा बाहेरही पसरत गेला. सिंहासन दगड झाले. फरशीवरचे गालिचे दगड झाले, त्यांच्यावरची वेलबुट्टी तशीच राहिली. अंगणातली मोगऱ्याची फुले फांदीवरच दगड झाली, आणि वारा आला की ती एकमेकांवर आपटून वाजत. लोक घाबरून नगर सोडून जाऊ लागले.

मणी परत नेऊन ठेवावेत म्हणून तीन वेळा प्रयत्न झाला. पहिल्यांदा हत्तीच्या पाठीवर सोन्याची पेटी ठेवली आणि पेटीत मणी ठेवले. हत्ती वेशीपाशी दगड झाला. दुसऱ्यांदा सर्वांत वेगवान घोडा पळवला. तो पुढचे दोन पाय उचललेले असतानाच दगड झाला. घोडेस्वार तेवढा वेळेवर उडी मारून वाचला. तिसऱ्यांदा सेनापती शूरपाल निघाला. मणी जळत्या निखाऱ्यासारखे या हातातून त्या हातात करीत तो धावला. पण माळावर एक मणी निसटेलसे वाटले आणि त्याने मूठ घट्ट मिटली. तिथेच तो दगड झाला. प्रत्येक वेळी सूर्य मावळला की मणी पुन्हा राजाच्या ओंजळीत येऊन पडत.

दगड राजाच्या खांद्यांपर्यंत आला तेव्हा राणी त्याच्यासमोर बसून होती. तिचे केस कानांपाशी पांढरे होऊ लागले होते. राजा म्हणाला, "देवी, तुम्ही येथून जा."

"कुठे जाऊ?"

"जिथे दगड पोहोचणार नाही तिथे."

"असे ठिकाण मला ठाऊक नाही, महाराज," राणी म्हणाली, आणि तिने त्याच्या कपाळावरची धूळ पदराने पुसली.

त्याच वेळी खिडकीत एक नीळकंठ पक्षी येऊन बसला. तो मायाविनीच्या बागेतला होता. कारंजी आटल्यावर त्याला तेथे करमत नव्हते. तो म्हणाला, "राणी, हे मणी धरून नेता येत नाहीत, ठेवून नेता येत नाहीत. खेळवत नेता येतात."

"म्हणजे कसे?"

"एक हातात येतो तेव्हा एक वर असतो आणि एक निघालेला असतो. श्वास घेऊन सोडण्याइतकाही वेळ कोणी थांबत नाही. दगड व्हायला तेवढा तरी विसावा लागतो."

राणीने विचार केला. असले खेळ करणारी माणसे सर्वांच्या आधी राज्य सोडून गेली होती. उरली होती ती म्हातारी माणसे, आजारी माणसे, आणि ज्यांचे कोणी दगड झाले होते ती. ती म्हणाली, "मला हे येत नाही."

"शिकवतो," पक्षी म्हणाला. "पण आज निघता येणार नाही, उद्याही नाही. तीन धडे आहेत, आणि तिन्ही संपल्याशिवाय मण्यांना हात लावायचा नाही."

राणीने आपला जुना शालू फाडून तीन चेंडू शिवले आणि त्यांत बाजरी भरली. नगराबाहेर, दगड अजून पोहोचला नव्हता अशा जागी, एक ओस पडलेला गोठा होता. तिथे ती पक्ष्याला आणि आपली दासी मंजुळा हिला घेऊन गेली. मंजुळा जाड अंगाची, फटकळ बाई होती. सगळे गेले तरी ती गेली नव्हती, आणि का नाही गेली हे तिने कोणाला सांगितले नव्हते.

पहिला धडा एका चेंडूचा होता. उजव्या हातातून उडवायचा, डोळ्यांपुढून कमानीसारखा न्यायचा, डाव्या हातात घ्यायचा. राणीला वाटले, हे तर पोरीबाळीही करतात. पण चेंडू कधी नाकावर येई, कधी पाठीमागे जाई. तो हातात यावा म्हणून ती हाताकडे बघे आणि तेवढ्यात चेंडू दुसरीकडेच पडे. मंजुळा वाकून उचलून देई.

"राणीसाहेब," मंजुळा म्हणाली, "सकाळपासून पाडायचं काम तुमचं आणि उचलायचं माझं. झेलायचं काम कुणाचं ते ठरलं म्हणजे बरं होईल."

राणी हसली. कित्येक दिवसांनी हसली. मग तिने गोठ्यातली गवताची जुनी गादी ओढून समोर अंथरली, म्हणजे पडलेले चेंडू घरंगळत जाणार नाहीत.

पक्षी म्हणाला, "हाताकडे बघू नको. हात आपली जागा सोडून कुठे जात नाहीत. चेंडू जिथे थांबतो तिथे बघ."

"चेंडू कुठे थांबतो?"

"वर गेल्यावर, खाली येण्याआधी."

राणीने चेंडू उडवला आणि हाताकडे न बघता वर बघितले. त्या उंचीवर, जाणे संपले आणि येणे सुरू झाले नाही अशा जागी, चेंडू खरोखरच थांबला. तिथे एक इवलीशी शांतता होती. तिला वाटले, दुपारच्या झोपेत दार अर्धवट उघडावे आणि पलीकडे ओळखीची बाग दिसावी, तसे काहीतरी तिथे आहे. मग चेंडू खाली आला आणि आपणहून तिच्या हातात बसला. ती दिवसभर ते दार पाहत राहिली. संध्याकाळपर्यंत चेंडू हातात पडला की ती दचकायची थांबली होती.

दुसरा धडा दोन चेंडूंचा. इथे राणी अडली. उजव्या हातातला चेंडू ती नीट उडवी, पण डाव्या हातातला उडवण्याऐवजी खालूनच उजव्या हातात सरकवून टाकी. तिला कळतही नसे.

"सरकवू नको. उडव," पक्षी म्हणे.

"पहिला अजून खाली यायचा आहे."

"म्हणूनच उडव. तो आल्यावर उडवशील तर उशीर झालेला असेल."

"मग दोन्ही वर आणि माझे हात रिकामे."

"हो," पक्षी म्हणाला.

राणीला राग आला. तिने दोन्ही चेंडू गादीवर आपटले आणि ती राजवाड्यात राजाजवळ जाऊन बसली. दगड त्याच्या गळ्याच्या घाटीशी आला होता. बोलताना त्याचा आवाज मडक्यातून आल्यासारखा येई.

"देवी, तुमच्या हातांना काय झाले?" त्याने विचारले. तिची नखे तुटली होती, बोटे सुजली होती.

"खेळायला शिकते आहे, महाराज."

"या वयात?"

"दुसरे वय आता मिळायचे नाही."

राजाने आपल्या दगडी ओंजळीकडे पाहिले. मग म्हणाला, "मला हात सोडवता आले असते तर सोडवले असते. ओंजळ दगड होऊ लागली त्या क्षणी प्रयत्न केला होता. तेव्हा मणी पडतील अशी भीती वाटली, आणि मी आणखी घट्ट धरले." त्यानंतर तो काही बोलला नाही, कारण दगड त्याच्या ओठांवर आला होता. फक्त डोळे राहिले.

राणी उठली, चालत गोठ्यात आली. पहिला चेंडू उडवला. तो वर, त्या शांततेच्या दारापाशी थांबला, तेव्हा दुसरा उडवला. क्षणभर दोन्ही हात रिकामे झाले. मग एक चेंडू इकडे आला, एक तिकडे आला. मंजुळा म्हणाली, "जमलं की." राणीला त्या वेळी रडू आले. ती रडत रडत उडवत राहिली.

तिसरा धडा तीन चेंडूंचा. आता तिला उडवायचे कधी ते समजत होते, पण चेंडू घाईघाईने पुढे पुढे जात आणि ती त्यांच्यामागे धावे. गोठ्याच्या या टोकाला सुरुवात करावी आणि त्या टोकाला भिंतीवर आपटावे, असे चालले. पक्ष्याने तिला भिंतीकडे तोंड करून उभे केले. भिंतीवर आपटून बोटांची सालटी निघाली. हळूहळू चेंडू भिंतीपासून मागे सरले, तिच्यासमोर उभे राहिले, आणि एके दिवशी तिला दिसले की हवेत तीन कमानी एकमेकींत गुंफल्या आहेत आणि आपण त्यांच्याखाली उभ्या आहोत. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मंजुळा ताकाचा तांब्या घेऊन आली तेव्हा ती अजून तशीच होती, आणि तिचा चेहरा झोपेतल्यासारखा शांत झाला होता.

"आता एक चौथी गोष्ट," पक्षी म्हणाला. "ती शिकवायची नाही, तुला ती येते. चेंडूंमागे पुढे धावत होतीस ना, तेच आता लागेल. फक्त सावकाश."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच राणी सिंहासनापुढे उभी राहिली. राजाचे डोळे तिच्याकडे लागले होते. तिने पहाटेचा मणी उचलून उडवला, दुपारचा उडवला, तिन्हीसांजेचा उडवला, आणि ती चालू लागली. पुढे नीळकंठ उडत होता, बाजूला मंजुळा चालत होती, खांद्यावर पाण्याची मशक घेऊन. राणीचे तोंड कोरडे पडले की ती तिच्या ओठांशी मशक नेई. चालणे थांबत नसे, मणीही थांबत नसत.

पहिला आला तो माळ. तिथे शूरपाल उभा होता, मूठ छातीशी घेऊन, पाऊल पुढे टाकलेला. त्याच्या दगडी चेहऱ्यावर भीती होती. हा माणूस कधी भ्यालेला राणीने पाहिला नव्हता. तिची नजर वरून ढळली. दुपारचा मणी तिच्या डाव्या पायावर पडला, आणि हात पोहोचेपर्यंत श्वासभर वेळ झाला. पायाची दोन बोटे दगड झाली.

मंजुळा पुढे धावली.

"हात लावू नकोस," राणी म्हणाली. बाकीचे दोन मणी एका हाताने उडवत ती वाकली, तिसरा उचलला, वर सोडला. मग लंगडत चालू लागली. शूरपालाकडे तिने पुन्हा पाहिले नाही, पण त्याच्या जवळून जाताना म्हणाली, "सेनापती, मीही घाबरले आहे."

दुसरी आली ती खिंड. तिथे वारा असा होता की मणी वर जात आणि वाकडे होऊन येत. नीळकंठाने पंख पसरले आणि तो वाऱ्याच्या बाजूने तिच्या डोक्याशी उडत राहिला. त्याची निळी पिसे एकेक करून उडून गेली, पण वारा अडला. राणीने मणी बुटके उडवले, अगदी हनुवटीएवढे, आणि खिंड ओलांडली.

तिसरे आले ते वन. झाडे इतकी दाट की दिवसा अंधार. पहाटेचा मणी दिसे, दुपारचा दिसे, तिन्हीसांजेचा अंधारात मिसळून जाई. राणीने जसजसे डोळे ताणले तसतशी ती चुकू लागली. मग तिला ती शांतता आठवली. तिने बघणे सोडले आणि त्या थांब्याची वाट पाहिली. न दिसणारा मणी जिथे थांबायचा तिथे थांबला, आणि जिथे यायचा तिथे आला. ती त्या वनातून कशी गेली ते मंजुळेने पुढे कित्येकांना सांगितले, पण ती झोपेत चालत होती की जागी, हे मंजुळेलाही सांगता आले नाही.

उन्हे कलली तेव्हा दोघी मायाविनीच्या बागेत पोहोचल्या. झाडे वाळली होती. कुंडात पाण्याचा थेंब नव्हता, तळाला भेगा पडल्या होत्या. मायाविनी त्याच पायरीवर बसली होती. तिचे केस धुळीने भरले होते आणि हातात फणी नव्हती.

"राजा कसा आहे?" तिने विचारले.

"डोळे तेवढे राहिले आहेत," राणी म्हणाली. मणी तिच्या हातांवरून जात येत होते.

"काय म्हणतो?"

"आता काही म्हणत नाही."

मायाविनीने आपले दोन्ही हात पुढे केले. "दे. आणलेस तेवढे पुरे."

राणीचे खांदे जळत होते. दगडाच्या बोटांमुळे पाय गुडघ्यापर्यंत ठणकत होता. देऊन टाकावे असे तिला वाटले. पण तिने त्या हातांकडे पाहिले. ते म्हाताऱ्या बाईचे हात होते, शिरा आलेले.

"तुमचेही हात दगडाचे होतील," ती म्हणाली.

"होतील. शाप मी दिला, पण तो मलाही सोडत नाही."

"मग मी देणार नाही. पाणी परत कसे येईल ते सांगा."

मायाविनी तिच्याकडे पाहत राहिली. असे विचारणारे कोणी तिला आजवर भेटले नव्हते. ती म्हणाली, "पाणी यांना पाहण्यासाठी वर येत असे. हे गेले तसे ते खोल गेले. त्याला हे पुन्हा दिसायला हवेत. किती वेळ लागेल ते मलाही ठाऊक नाही."

राणी पायऱ्या उतरून कोरड्या कुंडाच्या मध्यभागी उभी राहिली. तिथे तिने मणी उंच उडवायला सुरुवात केली. मंजुळा वर पायरीवर बसली. पिसे गेलेला नीळकंठ तिच्या मांडीवर बसला. मायाविनी उभी राहिली. सूर्य खाली सरकत होता, आणि तो मावळला असता तर मणी पुन्हा राजाच्या ओंजळीत गेले असते.

आधी भेगा ओलसर झाल्या. मग राणीच्या तळव्यांना गार लागले. पाणी घोट्यांपर्यंत आले, गुडघ्यांपर्यंत आले. कमरेपर्यंत आले तेव्हा तिला आपले हात जाणवेनासे झाले होते. कोण उडवत आहे आणि कोण झेलत आहे, हे वेगळे राहिले नव्हते. पाण्यात मण्यांची प्रतिबिंबे पडली, तीन खाली, तीन वर, आणि पाणी त्यांना बघायला आणखी वर आले. छातीला लागले. हात पाण्यात बुडू लागले.

"आता सोड," मायाविनी म्हणाली.

राणीने पहाटेचा मणी उडवला आणि हात पुढे केला नाही. दुपारचा उडवला. तिन्हीसांजेचा उडवला. मग दोन्ही हात पाण्याखाली नेले.

तिन्ही मणी वर थांबले. खाली येऊ लागले, तसे पाण्यातून तीन तुरे उसळले आणि त्यांनी ते अलगद उचलून घेतले. एक इकडून तिकडे गेला, एक तिकडून इकडे आला. सूर्याची कड डोंगराआड गेली.

त्याच क्षणी राणीच्या पायाची बोटे मऊ झाली. मोगऱ्याची फुले वाऱ्यावर आपटेनाशी झाली आणि त्यांना वास आला. वेशीपाशी हत्तीने सोंड खाली घेतली. घोड्याने उचललेले पाय टेकवले आणि तो आपल्या स्वाराला शोधू लागला. माळावर शूरपालाने मूठ उघडली, तिच्यात काही नव्हते, आणि तो खाली बसून कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिला.

मायाविनीने राणीला हात धरून पायऱ्यांवर घेतले. "घरात कंदमुळे आहेत," ती म्हणाली, "आणि थोडे दूध." तिने आपल्या हाताने राणीच्या बोटांना तेल लावले. नीळकंठाच्या अंगावर तिने फुंकर घातली, आणि त्याला पुन्हा पिसे आली, पूर्वीपेक्षा थोडी गडद.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आली तेव्हा राजा तिथे येऊन पोहोचला. घोडा न घेता, पागोटे न बांधता, सगळी वाट चालत. पायाला फोड आले होते. राणी कुंडाकाठी बसली होती. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"महाराज, बसा," राणी म्हणाली. मंजुळेने त्याला पाणी दिले.

तो पाणी प्याला. मग त्याने मायाविनीकडे वळून मान लववली. "मी चुकलो," तो म्हणाला. "तुमचे होते ते मी नेले."

"माझेही नव्हते," मायाविनी म्हणाली. "मी फक्त इथे राहते." आणि तिने फणी मागितली. मंजुळेने आपल्या केसांतली काढून दिली.

राजाने कारंज्यांकडे पाहिले. मणी नाचत होते. त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली, हे राणीने पाहिले. राजा एक पायरी उतरला. पाण्याच्या तुषारांनी त्याचे तोंड भिजले. पहाटेचा मणी त्याच्या इतक्या जवळून गेला की हात लांबवला असता तर लागला असता.

राजाने आपले हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत गुंतवून ठेवले. तसाच तो पाहत उभा राहिला. राणी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि दोघे ऊन डोक्यावर येईपर्यंत पाहत राहिले.

मग राजा, राणी आणि मंजुळा आपल्या राज्यात परतली. गेलेली माणसे बैलगाड्या जुंपून माघारी आली, चुली पेटल्या, दुकाने उघडली. सीमेपलीकडच्या त्या बागेची वाट राजाने सर्वांसाठी मोकळी ठेवली. ज्याला मणी पाहावेसे वाटत, तो जाऊन पाहून येई. राणी मृणालवतीच्या हातांना विसावा मिळाला. ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्याच्या हातांनाही तो मिळो.